एम.एस्सी. झालं, बी.एड. झालं, तरी रसायनशास्त्र शिकवताना नेमकं कुठे अडतं?

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग बी.एड., आणि गेली दोन वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान. त्या लिहितात की मुलं समीकरणं बरोबर संतुलित करतात, मार्कही मिळवतात, पण ‘हे असं का होतं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. ‘बी.एड.ला शिकलेलं वर्गात उपयोगी पडत नाही. माझा विषय कच्चा आहे की शिकवण्याची पद्धत? यावर कुणी संशोधन केलंय का? मी एम.एड. किंवा पीएच.डी. करावी का?’

मॅडम, मी चौदा वर्षं नववी ते बारावीला रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यानंतरची बारा-तेरा वर्षं छात्राध्यापकांचे, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे, सराव पाठ बघत आले. हाच प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेकदा पाठ संपल्यावर, डोळ्यांत पाणी आणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘विषय की पद्धत’ अशी वाटणी केली की उत्तर हाती लागत नाही. तुमचा विषय बहुधा पक्का आहे आणि पद्धतीही तुम्हाला ठाऊक आहेत. कमी पडतं ते या दोन्हींच्या मधलं एक तिसरं ज्ञान, जे ना एम.एस्सी.त शिकवतात, ना बी.एड.ला पुरेसं शिकवतात. ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ मध्ये ते पहिल्यांदा ठसठशीतपणे मांडलं. त्याने कॅलिफोर्नियातल्या १८७५ सालच्या शिक्षक-परीक्षेचे प्रश्न काढून पाहिले, तर जवळजवळ सगळे विषयज्ञानाचे. शंभरेक वर्षांनी शिक्षकांना पारखण्याचे निकष बघितले, तर सगळा भर वर्गनियंत्रण, नियोजन, मूल्यमापन यांवर, आणि विषय जवळपास गायब. अमुक एक घटक अमुक वयाच्या मुलाला समजेल असा कसा करायचा, त्यात मूल कुठे ठेचकाळतं, कोणतं उदाहरण तारतं आणि कोणतं बुडवतं, या ज्ञानाचा दोन्हीकडे पत्ता नव्हता. संशोधक त्याला ‘पीसीके’ म्हणतात, म्हणजे ‘पेडॅगॉजिकल कन्टेन्ट नॉलेज’. रसायनशास्त्राच्या शिक्षकांवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झालेलं बरंचसं संशोधन याच्याभोवती फिरतं.

आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे: आशययुक्त अध्यापन, म्हणजे विषयाचा आशय आणि शिकवण्याची पद्धत यांची सांगड. बी.एड.ला तुम्हीही तो शिकला असाल. कल्पना उत्तम होती. पण मी पाहिलेल्या बहुतेक फायलींमध्ये तिचं काय झालं, तर आशय-विश्लेषणाचा तक्ता, गाभाघटकांचा रकाना, मूल्यांचा रकाना. रकाने भरले की काम संपलं. ‘हा घटक शिकताना मूल कोणती चूक करेल?’ असा रकाना मला क्वचितच दिसला. बी.एड. दोन वर्षांचं झालं, आंतरवासिता (शाळेतली इंटर्नशिप) वाढली, तरी हा रकाना अजून बऱ्याच ठिकाणी कोराच आहे. तेव्हा बी.एड.चं वर्गात उपयोगी पडत नाही, या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे.

आता एक प्रसंग सांगते. आठवीचा वर्ग, मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन. छात्राध्यापिका हुशार, एम.एस्सी. झालेली. फळ्यावर समीकरण: हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे एक. ‘आता संतुलित कसं करायचं?’ दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, एच-टू-ओच्या जागी एच-टू-ओ-टू लिहा. एका फटक्यात होतंय.’

मुलीचं गणित बिनचूक होतं. दोन्हीकडे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन. छात्राध्यापिका म्हणाली, ‘नाही, सूत्राला हात लावायचा नसतो. आकडा फक्त आधी लावायचा.’ मुलीने मान डोलावली आणि खाली बघून नियम वहीत उतरवला. तिला नियम मिळाला, कारण मिळालं नाही. पाठाचं टाचण आदर्श होतं, फळा नीटनेटका होता, निरीक्षण-तक्त्याप्रमाणे मी चांगले गुणही दिले. पण त्या घटकात शिकवण्यासारखं जे होतं ते त्या एका वाक्यात येऊन निघून गेलं.

पाठानंतर आम्ही दोघी बसलो. मी विचारलं, ‘एच-टू-ओ-टू काय असतं?’ ती लगेच म्हणाली, ‘हायड्रोजन पेरॉक्साइड.’ म्हणजे विषय येत होता. ‘मग मुलीला हेच का नाही सांगितलंस? की तू पाणी बनवायचं सोडून दुसराच पदार्थ बनवलास, जखमेवर टाकल्यावर फेस येतो तो?’ ती गप्प झाली. माहिती डोक्यात होती, पण ती मुलीच्या उत्तराशी जोडलेली नव्हती. तिसरं ज्ञान म्हणतात ते या जोडणीला.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात तिने दोन रंगांच्या टिकल्या नेल्या, कपाळाला लावतो त्याच. लाल म्हणजे ऑक्सिजन, हिरवी म्हणजे हायड्रोजन. अट एकच: डावीकडे चिकटवलेल्या टिकल्याच काढून उजवीकडे लावायच्या, पाकिटातून नवी काढायची नाही आणि एकही फेकायची नाही. पाण्याचा एक रेणू तयार झाला आणि प्रत्येकाच्या बोटावर एक लाल टिकली उरली. ‘बाई, ही कुठे लावू?’ मग एकेकाने स्वतःच आणखी हायड्रोजन मागितला. दोनचा आकडा कुठून येतो हे मुलांनी बोटांवर पाहिलं. त्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली. ‘दोन एच-टू’ दाखवताना अनेकांनी चार हिरव्या टिकल्या एका रांगेत एकमेकींना चिकटवल्या. समीकरणं बरोबर सोडवणाऱ्या मुलांच्या डोक्यात चार अणूंची साखळी होती, आणि परीक्षेत ते कधीच दिसलं नसतं. हे आपल्याच मुलांचं नाही. अमेरिकेत नरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये दाखवलं की वायूंच्या नियमांवरची गणितं सोडवणारे कॉलेजचे विद्यार्थीसुद्धा त्याच गोष्टीचं कणांचं चित्र ओळखताना चुकतात.

असं का होतं, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स जॉनस्टन यांचं आहे. ते म्हणतात, रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर बोलतं. एक डोळ्यांना दिसणारी: रंग, वास, बुडबुडे, तळाशी बसणारा अवक्षेप. दुसरी न दिसणारी: अणू, रेणू, आयन. तिसरी कागदावरची: सूत्रं, समीकरणं, आकडे. मुरलेला माणूस या तिन्हींत इतक्या सहज ये-जा करतो की आपण पातळी बदलली हे त्याचं त्यालाच कळत नाही. ‘पाणी म्हणजे एच-टू-ओ, त्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो, आणि ते १०० अंशांना उकळतं.’ एका श्वासात तिन्ही पातळ्या झाल्या. ऐकणाऱ्या मुलाला वाटतं, एक रेणूच १०० अंशांना उकळतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी मुलांना तांब्याच्या एकट्या अणूबद्दल विचारलं होतं, तर बऱ्याच जणांनी तारेचे सगळे गुण त्या अणूलाच चिकटवले. आपल्या वर्गात विचारून बघा, ‘सोन्याचा एक अणू पिवळा असेल का?’ हात वर येतात.

एम.एस्सी. झालेल्या शिक्षकांना इथे एक वेगळी अडचण असते. तुम्ही पाच-सहा वर्षं तिसऱ्या पातळीवर राहिला आहात. फळ्यावर समीकरण लिहिलं की तुम्हाला भांडं दिसतं, मुलांना अक्षरं दिसतात. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं बाणाच्या डावीकडून उजवीकडे असंच शिकवलं. प्रयोग नंतर, वेळ उरला तर. पुढे क्रम उलटा केला. आधी परीक्षानळी, मग मुलांकडून कणांचं चित्र, समीकरण सगळ्यांत शेवटी. फरक मला दिसला तो मुलांच्या प्रश्नांत. ‘परीक्षेला येईल का’ कमी झालं आणि ‘मग तो वायू गेला कुठे’ सुरू झालं.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी संशोधनात तुम्हाला सापडणार नाही आणि आपल्याला मात्र रोज लागते. ती म्हणजे आपली भाषा. घरात आपण सर्रास म्हणतो ‘बर्फ विरघळला’. पुस्तकात बर्फ वितळतो आणि साखर विरघळते. मुलाच्या कानाला दोन्ही शब्द सारखे. त्यामुळे ‘साखर पाण्यात वितळली’ असं लिहिणारं मूल निष्काळजी नसतं, ते घरची भाषा लिहीत असतं. पावसाळ्यात ‘मिठाला पाणी सुटलं’ म्हणतो. या शब्दांत पाणी मिठातून आलंय. खरं तर मिठातलं थोडंसं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेतं. गार पाण्याच्या पेल्यालाही बाहेरून ‘पाणी सुटतं’, आणि नववीतलं मूलही सांगतं की ते आतून झिरपलं.

‘क्षार’ तर फार अवघड शब्द आहे. मुलाला ठाऊक असलेले क्षार म्हणजे बोअरच्या पाण्यातले, नळाच्या तोटीवर पांढरे बसणारे, आईला नको असलेले. पुस्तक म्हणतं, आम्ल आणि आम्लारी (बेस) यांची अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी मिळतं. त्यात भर म्हणजे मुलं घरी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघतात. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आपला अल्क (अल्कली), आणि आपल्या क्षाराला तिथे ‘लवण’ म्हणतात. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ‘परमाणु’. व्हिडिओ बरोबर, पुस्तक बरोबर, आणि दोन्ही मन लावून बघणारं मूल गोंधळात. हुशार मुलाचा गोंधळ जास्त होतो, कारण त्याने दोन्ही पाहिलेलं असतं. मी आता छात्राध्यापकांना या घटकाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर दोन रकाने करायला लावते, ‘आपल्या पुस्तकात’ आणि ‘हिंदी व्हिडिओत’. पाच मिनिटं लागतात.

तुमच्या शाळेत सेमी-इंग्रजी तुकडी असेल, तर हा प्रश्न लपून बसतो. तिथे मुलं ‘डिझॉल्व्ह’ आणि ‘मेल्ट’ परीक्षेत योग्य जागी लिहितात, पण कल्पना मराठीतल्या विरघळण्याचीच राहते. माझं मत स्पष्ट आहे: पारिभाषिक शब्द इंग्रजीतले असू द्या, पण ‘का’चं उत्तर मुलाला आधी मराठीतून देऊ द्या. तसं केलं की त्याच्या मनात काय आहे ते कळतं, नाहीतर पाठ केलेलं वाक्य परत येतं.

संशोधन काय म्हणतं, असं विचारलंत म्हणून एक अभ्यास सांगते, जो मी प्रत्येक तुकडीला सांगते. अमेरिकेत फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १८१ शिक्षक आणि त्यांचे साडेनऊ हजारांच्या आसपास विद्यार्थी घेतले. विषय होता सातवी-आठवीच्या पातळीचं भौतिक विज्ञान, त्यात रसायनाचा भागही आला. शिक्षकांना प्रश्नांची बरोबर उत्तरं विचारली आणि सोबत हेही विचारलं, की तुमची मुलं कोणतं चुकीचं उत्तर सर्वांत जास्त निवडतील? ज्या प्रश्नांत मुलांची एखादी चुकीची समजूत घट्ट बसलेली होती, तिथे नुसतं बरोबर उत्तर येणाऱ्या शिक्षकांच्या वर्गापेक्षा ती चूकही आधीच ओळखणाऱ्या शिक्षकांच्या वर्गाने जास्त प्रगती केली. म्हणजे मुलांच्या चुका माहीत असणं हा शिक्षकाच्या व्यावसायिक ज्ञानाचाच भाग आहे. डॉक्टरला जसा रोग माहीत असावा लागतो, तसंच.

याचा अर्थ विषयज्ञान दुय्यम आहे असा कुणी काढू नये. विषय कच्चा असेल तर मुलाची चूक ही चूक आहे हेच कळत नाही. एक चाचणी स्वतःवर घेऊन बघा. ‘रासायनिक बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’, हे विधान बरोबर की चूक? पदवीधर शिक्षकांकडूनही मी ‘बरोबर’ ऐकलं आहे. एक मोल (रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल द्यावे लागतात, एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे मिळून १३७० खर्च झाले. पाण्यातले नवे चार मोल बंध तयार होताना प्रत्येकी सुमारे ४६३, म्हणजे १८५२ परत मिळाले. ज्वाला दिसते ती या फरकातून. तोडायला ऊर्जा लागते, जोडताना मिळते. इथे तुम्ही अडखळला असाल, तर आधी विषयाचं पुस्तक उघडा. अडखळला नसाल, तर तुमचं काम दुसरीकडे आहे.

ते काम कसं करायचं, तर घटकाघटकाने. ऑस्ट्रेलियात जॉन लॉफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी विज्ञान शिक्षकांच्या डोक्यातलं हे ज्ञान कागदावर आणण्यासाठी एक तक्ता तयार केला. घटकातल्या मोठ्या कल्पना वर, आणि प्रत्येकीखाली आठ प्रश्न. मी त्यातले चारच वापरते, कारण आठ भरायला लावले की पुन्हा फाइल तयार होते. मुलांनी यातलं नेमकं काय शिकावं? मला यातलं आणखी काय माहीत आहे, जे मी आत्ता सांगणार नाही? मुलं इथे काय विचार करतात? आणि त्यांना समजलं हे मला कशावरून कळेल?

यातला दुसरा प्रश्न एम.एस्सी. झालेल्यांसाठी सोन्यासारखा आहे. नववीला इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, शिकवताना तुम्हाला पदवीच्या पातळीवरचं ऑर्बिटल माहीत असतं आणि ते जिभेवर येतं. आलं की तास संपला. सोडियमचे इलेक्ट्रॉन दोन, आठ, एक एवढ्यावर थांबायचं, पण थांबताना पुढे खोडावं लागेल असं काही बोलायचं नाही. ‘अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात’ हे वाक्य मी सोडून दिलं आहे. इंग्लंडमध्ये कीथ टेबर यांनी दाखवलं आहे की मुलं पुढे प्रत्येक अभिक्रियेचं कारण हेच देतात, की अणूला आठ पूर्ण करायचे होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन तर अभिक्रियेच्या आधीही रेणूंतच असतात, त्यांची कक्षा पूर्णच असते, मग अभिक्रिया का व्हावी? या प्रश्नावर ते वाक्य निरुत्तर होतं.

टिकल्यांचंही तेच. टिकली पाहून मुलाला वाटेल, ऑक्सिजनचा अणू लाल असतो, चपटा असतो. प्रत्येक प्रतिकृती कुठेतरी खोटं बोलते, आणि ती कुठे खोटी आहे हे शेवटी मुलांनाच विचारायचं. ‘आपल्या टिकल्यांत आणि खऱ्या अणूंत काय सारखं नाही?’ हा दहा मिनिटांचा संवाद मी कधी गाळू देत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण मी तुमची शाळा पाहिलेली नाही. वर्गात सत्तर मुलं असतील तर प्रत्येकाचं चित्र तपासणं शक्य नाही. मग दहा वह्या उचला, दर वेळी वेगळ्या बाकांवरच्या. प्रयोगशाळा नसेल तर चुन्याची निवळी, हळदीचा कागद, लिंबू, खायचा सोडा, व्हिनेगर एवढ्यावर नववी-दहावीचा बराच भाग होतो. दहावीचं वर्ष असेल आणि मुख्याध्यापक पोर्शनमागे लागले असतील, तर हे सगळ्या घटकांत करू नका, वर्षात दोनच घ्या. आपल्याकडे विज्ञानाचा एकच शिक्षक भौतिक, रसायन, जीव सगळं शिकवतो, तेव्हा जीवशास्त्रात तुमची अवस्था बरोबर उलटी असेल, आणि तिथे आधी विषयच वाचावा लागेल. ज्या सहकाऱ्याने वनस्पतिशास्त्र केलंय त्याच्याशी अदलाबदल करा. तुम्ही त्याला समीकरणातल्या चुका सांगा, तो तुम्हाला प्रकाशसंश्लेषणातल्या सांगेल.

एम.एड. आणि पीएच.डी.बद्दल. वेतनश्रेणीसाठी करायचं असेल तर तो निर्णय वेगळा, त्यात मी बोलत नाही. या प्रश्नाचं उत्तर मिळवायला करायचं असेल, तर आधी प्रश्न हातात असू द्या. आपल्याकडचे पुष्कळ प्रबंध ‘अमुक पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ असे असतात: पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, सरासरी वाढली, पद्धत परिणामकारक. कोणती चुकीची समजूत हलली आणि कोणती तशीच राहिली, हे त्यात कुठेच नसतं. तसा प्रबंध लिहून तुमच्या वर्गातलं मौन सुटणार नाही. वर्षभर एका घटकावरच्या मुलांच्या चुका जमवल्यात, तर मात्र तुमच्याकडे खरं कृतिसंशोधन, म्हणजे स्वतःच्याच वर्गावर केलेलं संशोधन, असेल, आणि पुढे मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे विज्ञान शिक्षणातच पीएच.डी. होते, अर्ज करताना सांगायला स्वतःचं काही असेल.

तेव्हा पदवीचं नंतर बघू. येत्या आठवड्यात शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर ‘रासायनिक समीकरण’ लिहा. मुलांना हायड्रोजन-ऑक्सिजनचं समीकरण संतुलित करायला सांगून खाली त्याचं कणांचं चित्र काढायला लावा, आणि कुठलंही चित्र चूक म्हणून खोडू नका. कागद घरी आणा आणि सारख्या दिसणाऱ्यांचे गठ्ठे करा. साखळीवाले, एच-टू-ओ-टूवाले, उरलेला ऑक्सिजन गुपचूप गिळणारे. प्रत्येक गठ्ठ्यातलं एक चित्र वहीत चिकटवा, मागे इयत्ता आणि तारीख लिहा, आणि खाली त्या मुलाला तुम्ही काय विचाराल ते एका ओळीत. गठ्ठे झाले की त्यांबद्दल इथे जरूर लिहा. मला ते वाचायचे आहेत.